सुपातलं पान

"सर, तळातल्या त्या एकट्यानं कुणाला विचारायचं?"

शालननं विचारलं आणि मागच्या बाकावरच्या पोरींनी तोंडापुढं वह्या धरल्या. पैज त्यांच्यातल्याच अक्काताईची होती: बेळगावच्या कॉलेजातल्या सरांना भर वर्गात थांबवून दाखव.

सर कॉम्प्युटरविषयी सांगायला आले होते. कॉम्प्युटर निपाणीत कुणी पाहिलाच नव्हता. सरांनीही खडूच आणला होता. फळ्यावर एक गोल, त्याखाली दोन, त्या प्रत्येकाखाली आणखी दोन. वरच्या गोलानं हे अख्खं उलटं झाड मोजत बसायचं नाही, सर सांगत होते. खालच्या दोघांना विचारायचं, तुमच्याकडं किती? तेही आपापल्या खालच्यांना तेच विचारणार. आलेलं मिळवायचं, त्यात आपलं घालायचं, वर कळवायचं.

सर हसले नाहीत. "ज्याच्या खाली कुणी नाही, त्यानं आपल्यापुरतं सांगायचं. प्रश्न तिथं थांबतो. उत्तर तिथनंच माघारी निघतं."

शाळा सुटल्यावर पोरींनी पैजेच्या चिंचा वाटून खाल्ल्या. दहावीनंतर पुढं कोण कोण शिकणार, असं शालननं विचारून पाहिलं. कुणीच नव्हतं.

घरी आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. भिंतीला दुसरं, नवं सूप टेकवलेलं. परीक्षा झाली की शालननं बसायचं म्हणून आणलेलं. शालननं ते पुढ्यात ओढलं आणि त्यात बिडीची कापलेली सात पानं मांडली. वर आपलं, खाली आई-आप्पांचं, त्याखाली चारी आजा-आज्यांचं.

"दहावीपर्यंत पोचलेलं किती, ते मोजायचं. आई, तू आधी तुझ्या आईबाला विचार, मग मला सांग."

"ती कवाच गेली की गं. त्यास्नी कुठली शाळा?" आईची बोटं थांबली नाहीत. "आन मला तरी कुठली."

शालननं तीन पानं उचलली. तंबाखूच्या वखारीतून आलेले आप्पा उभ्यानंच बघत होते. ते वाकले आणि आपल्या बाजूची तीन त्यांनी स्वतःच काढली.

"दुसरीत हुतो, तवाच वखारीत गेलतो," एवढंच म्हणाले.

एवढ्या मोठ्या सुपात एकच पान उरलं. शालन त्याच्याकडं बघत राहिली. आईनं हात पुढं केला. आण इकडं, वाया जाईल म्हणाली.

शालननं ते उचलून गणिताच्या पुस्तकात ठेवलं.

"हे वळायचं न्हाय, आई. आप्पा, मी बेळगावला त्या सरांच्या कॉलेजात डिप्लोमाला जाणार. कुणी संगं नसलं तरी."