दुभाषी

कोबुसिंगेने आपला पंजा म्हाताऱ्या वामिम्बींसमोर धरला. "सिस्टर, त्यांना सांगा, दुखणं किती आहे ते हाताने दाखवा. मूठ मिटली म्हणजे मुळीच नाही, पाचही बोटं म्हणजे सोसवत नाही."

दुभाषी म्हणून आलेल्या नर्स नांबोझोने ते इथल्या गिसू भाषेत शब्दाला शब्द सांगितलं, तेही चांगलं मोठ्याने. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. उद्या कोणी चौकशी केली असती तरी तिच्यावर बोट ठेवता आलं नसतं.

भिंतीला टेकून म्हाताऱ्याचे दोन सोबती बसले होते. तरुणपणी सुंतेच्या दिवशी तिघे एकाच अंगणात सुरीखाली उभे राहिले होते आणि तिघांपैकी एकाचीही पापणी लवली नव्हती. त्यांच्यादेखत एका पोरीने विचारावं, बाबा, दुखतंय का? वामिम्बींनी मूठ मिटली आणि नीट दिसेल अशी वर धरली. सोबत्यांनी माना डोलावल्या.

"शून्य," कोबुसिंगे म्हणाली. "मग मॉर्फिन आहे तेवढंच ठेवते."

स्टुलावर बसलेल्या डॉक्टर सेरुन्जोगींनी वहीत काहीतरी लिहिलं. वेदनाशमनाच्या पदविकेची शेवटची परीक्षा रोग्याच्या घरीच घ्यायची असते, त्यासाठी ते कंपालाहून आले होते.

नांबोझो म्हाताऱ्याचा दुसरा हात बघत होती. त्याने चटईची कड पिळवटून धरली होती. पोटातला कॅन्सर आता पाठीत उतरला होता, हे तिला त्या हातावरूनच कळलं. पुढची फेरी पंधरा दिवसांनी होती.

ती गप्प राहिली. ह्याच पदविकेसाठी तिने तीनदा अर्ज भरला होता. तिसरा गेल्या वर्षी परत आला, वय पंचेचाळीसच्या वर म्हणून. जागा मिळाली ह्या कोबुसिंगेला. सत्तावीस वर्षांची, पार पश्चिमेकडची, इथली भाषाही न येणारी पोर. पास झाली की मॉर्फिन लिहून देण्याचा हक्क तिचा. आणि एकोणीस वर्षं हे डोंगर तुडवणाऱ्या नांबोझोने बाटलीतून ते ओतायचं फक्त. वर्षभर तिचा जळफळाट चालला होता. आज ती मूठ बघून तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. होऊ दे नापास. सगळं पुस्तकात असतं ना, मग शोध म्हणावं.

औषधाचा पेला विसळायला ती अंगणात गेली. वामिम्बींची बायको, म्हातारी, शेंगदाणे कुटत होती.

"पहाटे उशी दाताने फाडली गं त्यांनी," म्हातारी म्हणाली. "तू नेहमी त्या दोघांना काहीतरी निमित्त काढून बाहेर घालवतेस, मग यांना विचारतेस. आज विसरलीस होय?"

म्हातारीने साधंच विचारलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं.

"विसरले, आई," नांबोझो म्हणाली.

पेला तसाच ओला घेऊन ती आत आली आणि दोघा सोबत्यांना गिसूत म्हणाली, "काका, डॉक्टरांची गाडी खाली चिखलात रुतलीय. जरा ढकलता का?"

गाडी कोरड्या रस्त्यावर ठणठणीत उभी होती. कंपालाच्या ड्रायव्हरांच्या नावाने खडे फोडत दोघे उठले आणि उताराने खाली गेले.

"आता विचार," ती कोबुसिंगेला म्हणाली. "परत, अन् हळू आवाजात."

कोबुसिंगेने पुन्हा पंजा पुढे केला. ह्या खेपेला नांबोझोने शब्द आपल्या मनाने लावले. "बाबा, आज पहिला कोंबडा ऐकलात का? दुसरा? की रात्रभर डोळाच लागला नाही, सगळेच ऐकलेत? आता इथे आम्हीच आहोत."

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. मग एकेक करत पाच बोटं उघडली. थोड्या वेळाने दुसरा हातही चटईवरून उचलला आणि तोही उघडला.

कोबुसिंगेचा चेहरा पडला. तिने आधीचा आकडा खोडून मोठा डोस लिहिला.

"दुसऱ्यांदा का विचारलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला सुचलं नव्हतं, सर. सिस्टरनी सांगितलं म्हणून. नाहीतर मी निघालेच होते."

डॉक्टर हसले. "दुभाष्याचं ऐकावं हे जिला कळतं, तिला आणखी काय शिकवायचं? पास."

म्हणजे स्वतःची चूक कबूल करूनही हिचंच भलं. नांबोझोने नव्या मापाने औषध ओतलं. म्हाताऱ्याच्या मानेखाली हात घालून तिने पेला ओठांना लावला. ते सगळं प्यायले. मग त्यांनी तिचं मनगट धरलं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मघाशी पहिल्यांदा विचारलंस ना, तेव्हा तुझा आवाज परका वाटला. माझं काही चुकलं का गं?"

नांबोझोने मनगट सोडवून घेतलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

"काय म्हणताहेत?" कोबुसिंगेने विचारलं.

"औषध कडू आहे, म्हणतात," नांबोझो म्हणाली.

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.