अंगठ्याखालच्या दोन ओळी

"तुमच्या बाबांनाही तुमचंच औषध सुरू करू या का?" आयसीयूच्या दारातच डॉक्टरांनी औषध कंपनीच्या एमआरला विचारलं. "आत चौघांना चालूच आहे."

एमआरच्या गळ्यात अजून टाय होता आणि खांद्याला कंपनीची बॅग. बाबांना आत घेतल्याचा फोन आला तेव्हा तो दुसऱ्या एका दवाखान्यात याच औषधाचं गुणगान गात बसला होता. क आणि ई जीवनसत्त्व, झिंक, सेलेनियम. अत्यवस्थ पेशंटला सलाईनमधून, दिवसातून एकदा. आठ वर्षं दर मंगळवारी तो या डॉक्टरांनाही हेच सांगत आला होता. बोलण्यात त्याचा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतं.

"नको, सर," तो म्हणाला.

"नको?"

"म्हणजे... बाबांची किडनी आधीच नाजूक आहे. राहू दे."

डॉक्टर काही विचारणार, तेवढ्यात आतून सिस्टरनं हाक मारली आणि ते घाईनं वळले. एमआरला हायसं वाटलं. पण बाकावर आई बसली होती, आणि आईचे कान अजून शाबूत होते.

"का रे नको? जगाला देत फिरतोस आणि बापालाच नको?" तिनं शेजारच्या बाईंकडे बोट दाखवलं. "मघापासून मी यांना सांगतेय, तुमच्या मिस्टरांना ती पिवळी बाटली लावलीय ना, ते माझ्या लेकाचं औषध. अगदी निर्धास्त राहा म्हटलं."

बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान तीन दिवसांपासून बाबांच्या पलीकडच्या खाटेवर होते. काचेतून ती पिवळी बाटली दिसत होती, थेंब थेंब उतरताना. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग एमआरकडे.

"आमच्या ह्यांची लघवी कालपासून कमी झालीय," त्या सावकाश म्हणाल्या. "किडनी जरा थकलीय म्हणाले. मग त्यांना चालतं का हे?"

'ते डॉक्टरच सांगतील' हे वाक्य एमआरच्या जिभेवर तयार होतं. असल्या वाक्यांवरच त्याचं पोट चाललं होतं. पण ते तोंडातून फुटेना. आई कौतुकानं त्याच्याकडे बघत होती, आता लेक कसं छान समजावून सांगेल म्हणून, आणि त्या नजरेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्यांच्या नवऱ्यांना, बापांना चाललं ते. स्वतःच्या बापाची वेळ आली तेव्हा कुठे किडनी आठवली. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

"दाखव बघू काय आहे ते," बाई म्हणाल्या.

त्यानं बॅगेतून डॉक्टरांना दाखवायचं औषधाचं फोल्डर काढलं. गुळगुळीत पानावर वर चढणारा हिरवा बाण, त्याशेजारी हसरे आजोबा. आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी: रुग्ण वाचण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मूत्रपिंडं कमजोर असल्यास टाळावे.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साहेबांनी शिकवलं होतं, फोल्डर डाव्या हातात कसं धरायचं ते. चार बोटं मागे, अंगठा पुढे, तळाशी. उजव्या हातातलं पेन बाणावर फिरवायचं, म्हणजे समोरच्याची नजर पेनामागे जाते. घरी आरशासमोर उभं राहून त्यानं ते घटवलं होतं. आई तेव्हा चहाचा कप धरून कौतुकानं बघत उभी असायची.

आज मात्र लपवायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. बाईंच्या शेजारी बसला, फोल्डर उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि घसा खाकरला.

"हे बघा, बाई..."

बाईंनी चष्मा लावला. बाणाकडे त्यांनी पाहिलंच नाही. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गांत फेऱ्या मारलेल्या बाई त्या; मुलं काय दाखवतात त्यापेक्षा हात कुठे ठेवतात ते बघायची त्यांना सवय होती.

"बाळ," त्या हळूच म्हणाल्या, "अंगठा काढ."