माठातलं पाणी

माठातलं पाणी पुन्हा वीतभर उतरलं होतं आणि पालथा घातलेला पेला ओला होता.

"आई, मी प्यायले नाही," उत्कर्षा म्हणाली. पोटुशी सून, हात सारखा पोटावर. "तुमचा डोळा लागला होता. हे ड्युटीवर. दाराला आतून कडी. मग प्यायलं कोण?"

सुलोचनाबाईंनी उठून दाराची कडी चाचपून पाहिली. भर दुपारची लू, इकडचा तो भाजणारा वारा, बंद दारावर थापा मारत होती.

दुर्गापुऱ्यातलं हे घर फारच सहज मिळालं होतं. मुलाची, भीमरावची, रेल्वेत इकडे बदली झाली. क्वार्टर मिळायला वेळ होता. जयपूरभर उंबरे झिजवून झाले. खोली असायची, भाडं जुळायचं. मग मालक आडनाव विचारायचा आणि खोली 'कालच गेलेली' असायची. उत्कर्षा आपलं वकिलीचं पुस्तक उघडून सांगायची, जन्मावरून कुणाला दूर ठेवायचं नाही, असं जगातल्या देशांनी सह्या करून कबूल केलंय.

"त्या सह्यावाल्यांना म्हणावं, या अन् एक खोली मिळवून दाखवा," सुलोचनाबाई फटकारायच्या.

या मालकानं मात्र नावसुद्धा विचारलं नाही. किल्ली दिली आणि उंबऱ्याबाहेरूनच परत फिरला. का ते शेजारणींनी सांगितलं, दारातच उभ्या राहून. पाणी पुढं केलं तर म्हणाल्या, "आज तो व्रत है जी." सगळ्यांचंच व्रत, एकाच दिवशी.

मालकाची आई, अम्माजी, याच घरात गेली. शेवटच्या घटकेला सेवेची बाई पाणी पाजायला वाकली, तर म्हातारीनं ओठ घट्ट मिटले. त्या जातीच्या हातचं नको. घसा कोरडा तो कोरडाच राहिला. तेव्हापासून इथं भाडेकरू टिकत नाही.

"आई, आत्ताच्या आत्ता निघू," उत्कर्षा रडकुंडीला आली. "स्टेशनावर पडून राहू, पण इथं नको."

तेवढ्यात स्वयंपाकघरात माठावरची झाकणी सरकली.

दोघींनी ऐकलं. मग पेल्यात पाणी पडल्याचा आवाज. मग घोट. सावकाश, एकामागून एक, जन्माची तहान असल्यासारखे.

उत्कर्षानं बॅग उचलली. सुलोचनाबाई पदर खोचून आत गेल्या. ओट्यापाशी कुणी नव्हतं. पेल्याच्या काठावरून एक थेंब अजून ओघळत होता. त्यांनी कळशी उचलली, माठ गळ्यापर्यंत भरला. पेला विसळला आणि या वेळी पालथा घातला नाही, भरून ठेवला.

"बॅग ठेव खाली," त्या बाहेर येत म्हणाल्या. "मेल्यावर का होईना, या गावात आपल्या हातचं पाणी प्यायली ती हीच एक."