दिली तशी

"दुरुस्तीत अर्थ नाही, भंगारवालाही नाक मुरडतो. तूच ने, तेवढंच दान घडेल," म्हणत ताईंनी मुलाची मोडकी सायकल भांडी घासणाऱ्या शेवंताच्या गळ्यात मारली.

शेवंताने आणखी एक घर धरलं, सायकलला नवं चाक, नवी सीट बसवली. तिची लेक पूनम ऐटीत शाळेला जाऊ लागली.

एकदा ताईंनी ती सायकल रस्त्यात पाहिली. शेवंता कामाला येताच म्हणाल्या, "अगं, चांगली धावते की! परत आणून दे. आमच्या बाळाला क्लासला होईल."

शेवंता "बरं" म्हणाली. घरी येऊन तिने शेजारून पाना मागितला, पत्र्यावर टाकलेलं वाकडं चाक खाली काढलं. फाटकी सीटही.

सकाळी तिने सायकल फरफटत ताईंच्या दारात नेली. "घ्या. दिली होतीत तशीच आणलीय."

नवं चाक घरी भिंतीला टेकून राहिलं. पूनम पायीच शाळेला गेली.