आठ ढोल जपानला

“सर, ढोलाचा आवाज येता कामा नये,” मोबाइलच्या पडद्यावरून निकिता मॅडमनी चौथ्यांदा बजावलं, आणि दिनेशने दात आवळून चौथ्यांदा मान डोलावली.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका पत्र्याच्या गोदामात रविवारी सकाळी आठ ढोलवाले रांगेत उभे होते. जपानमधल्या जागतिक प्रदर्शनात भारताचं दालन होतं आणि तिथे दोन दिवस नाशिक ढोल वाजणार होता. वाजणार म्हणजे नेमकं काय, हे दोन महिने ठरतच नव्हतं. पथकप्रमुख म्हणून दिनेशने चाळीस जणांची यादी पाठवली, तर कार्यक्रम बघणाऱ्या निकिता मॅडमच्या दिल्लीच्या कंपनीने वीस मागितले. वगळलेल्या वीस जणांच्या शिव्या खाऊन होतात न होतात तोच निरोप आला, आठच पाठवा. मग फेट्यांचा रंग तीनदा बदलला. मग ताशा नको झाला, कानाला टोचतो म्हणे. आणि परवा तर कहरच. शेजारच्या दालनात शांत बसून चहा प्यायचा कार्यक्रम आहे, तेव्हा तुमचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात लावू, तुम्ही नुसती अॅक्शन करा.

नुसती अॅक्शन! वीस वर्षं ढोल बडवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला चूल न पेटवता पंगत वाढायला सांगणं. दिनेशचं डोकं फिरलं होतं. पण करतो काय? निफाडच्या सासुरवाडीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स झळकत होता आणि त्यावर त्याचा गॉगल लावलेला फोटो होता. शिवाय खरं सांगायचं तर त्याला एकदा विमानात बसायचंच होतं. आजचा व्हिडिओ पास झाला नाही तर कंपनी दुसरं पथक घेणार होती. म्हणून त्याने निमूटपणे आठही ढोलांच्या वाजवायच्या पानांवर जाड स्पंज चिकटवला आणि टिपरांना फडकी गुंडाळली.

“नजर कॅमेऱ्यात. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. आणि हसा!” मॅडम म्हणाल्या.

स्पीकरवर हळू आवाजात त्यांचंच रेकॉर्डिंग सुरू झालं. आठ हात उठले. सात बरोबर पडले. सनीचा मागे राहिला.

पुन्हा सुरू केलं. आता सनी पुढे पळाला. तिसऱ्या वेळी तर तो मध्येच थांबून नुसता उभा राहिला. दिनेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पथकातला सगळ्यात पक्का हात सनीचा. मिरवणुकीत रेटारेटी होऊन ठेका सुटला, की बाकीचे त्याच्याकडे बघून सावरायचे. चौदा वर्षांत कधी चुकला नाही, आणि आजच या गड्याला काय धाड भरली होती!

“मुद्दाम करतोस का रे?” दिनेश रांगेच्या टोकावरून ओरडला. “यायचं नसेल तर तसं सांग ना! आमची कशाला वाट लावतोस?”

सनी सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्यात बघून हसत राहिला. त्याने दिनेशचा पारा आणखीच चढला.

“दिनेशजी, त्यांना वगळा,” मॅडम म्हणाल्या. “सात चालतील.”

“बरं,” दिनेश म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की बाकीचे सहा जण त्याच्या तोंडाकडे बघू लागले. तो तरातरा सनीपाशी गेला आणि त्याच्या ढोलाचा पट्टा सोडायला लागला. सनी गोंधळला. त्याने खिशातून मोबाइल काढला, घाईघाईने काहीतरी टाइप केलं आणि दिनेशच्या डोळ्यांसमोर धरलं.

‘दादा आज ढोल ऐकूच येत नाय’

दिनेशचे हात पट्ट्यावरच थांबले.

सनी जन्मापासून ठार बहिरा होता. सगळ्यांना ठाऊक होतं, दिनेशला तर सगळ्यांच्या आधी. आठवीतल्या सनीचं पोट त्यानेच एका मोठ्या ढोलाला टेकवलं होतं. तेव्हापासून बाकीच्यांच्या ढोलांचा हादरा पोटात आणि तळपायांत घेऊन सनी वाजवत आला होता. असं बिनचूक वाजवायचा, की त्याला ऐकू येत नाही हेच सगळं पथक साफ विसरून गेलं होतं. दिनेशला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने सनीचा पट्टा पुन्हा घट्ट आवळला. मग आपल्या ढोलावरचा स्पंज टरकन ओढून काढला.

“दिनेशजी, सात जणांचा व्हिडिओ घेऊ या ना?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, तुम्ही दुसरं पथक बघा,” दिनेश म्हणाला. “आमच्यात ढोल ऐकणारा हा एकटाच होता. आज मीच त्याला बहिरा केला.”