रिकामी आहेस ना?

सासूबाईंनी वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं. हातात एक राहिलेला टॉवेल होता, तो आत टाकायचा होता. आत नुसतं पाणी घुसळत होतं. फेसाचा पत्ता नव्हता आणि कपडा म्हणून एक नव्हता. शेजारी उपड्या बादलीवर त्यांची सून बसली होती. मांडीवर ट्रे, ट्रेवर कागद, हातात पेन. सासूबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागून सासरे डोकावले.

"अगं, हे तर रिकामंच फिरतंय!" ते ओरडले. "वीज काय झाडाला लागते?"

चोर मुद्देमालासह सापडला होता. कागद सासूबाईंच्या हातात गेले आणि सून जेवणाच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर. सुट्टी असल्यामुळे नवराही घरीच होता.

खरं तर चोरण्यासारखं यात काहीच नव्हतं. तिला कथा लिहायच्या होत्या. छोट्या, दोन-अडीच पानांच्या, पण रोज एक. रोजच, कारण एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी हात जड होतो आणि आठवड्याभरानं पेन कुठं ठेवलं तेही आठवत नाही, हे तिनं पुरेपूर भोगलं होतं. दुपारनंतर चष्म्याच्या दुकानातली नोकरी, म्हणजे उरली सकाळ. पण ती कागद घेऊन खुर्चीत बसली रे बसली की घराला कंठ फुटायचा. "रिकामी आहेस ना? जरा माझा चार्जर बघ." "रिकामी आहेस ना? चहा टाक." या घरात बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई. मशीन चालू असलं की मात्र कुणी हाक मारत नसे. ती कामात आहे, असं म्हणत.

मग तिनं मशीनलाच कामाला लावलं. पाणी भरेपर्यंत कथेतली माणसं उभी करायची. कपडे घुसळले जात असताना त्यांना चांगलं अडचणीत टाकायचं. पिळण्याचा घरघराट सुरू झाला की शेवट झालाच पाहिजे, कारण भोंगा वाजला की लगेच "झालं का गं?" येणार. ही शिस्त तिला मानवली. पुढं पुढं घरात मळणाऱ्या कपड्यांपेक्षा सुचणाऱ्या कथा जास्त झाल्या. टॉवेल विरले, नवऱ्याच्या शर्टांचे रंग उडाले, शेजारच्यांनी टापटिपीचं कौतुक केलं. शेवटी कपड्यांची दया येऊन ती मशीन रिकामंच लावू लागली.

"रोज एक?" नवऱ्यानं विचारलं. तसा तो वाईट माणूस नव्हता, स्वतःचे मोजे स्वतःला सापडत नसत एवढंच. "आधी एखादी चांगली लिहून दाखव. मग रोजचं बघू."

"रोज लिहिते तेव्हा कुठं एखादी चांगली होते. बाकीच्या तिच्यासाठी राबतात."

"सुचावं लागतं गं त्याला," सासरे म्हणाले. "असा रतीब घातल्यासारख्या कुणी कथा लिहितं का?"

"मी लिहिते, बाबा."

सासूबाईंनी कागदांतून मान वर काढली. "मला वाटतं..."

"आई, तू थांब जरा," नवरा म्हणाला. "मी मार्ग काढतो. दर रविवारी दुपारी तू लिही. अगदी निवांत. आम्ही कुणी हाक मारणार नाही. मग तर झालं?"

फारच उदार दिसत होता तो रविवार. पण तिची त्याच्याशी जुनी ओळख होती. रविवारी पाहुणे येतात, नळ गळतो, कुणाच्या तरी पोटात दुखतं. कित्येक वर्षं तिनं एक ओळ न लिहिता रविवारची वाट पाहिली होती. आत्ता हो म्हटलं तर घर खूश होईल आणि कथा संपतील.

"नाही," ती म्हणाली. "रोज. याच टेबलावर, मशीन बंद ठेवून. तेवढा वेळ मी घरात नाही असं समजा. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, उद्या सकाळी मी इथं बसणार."

"म्हणजे आम्ही इथं सगळे वेडे!" सासऱ्यांचा आवाज चढला. सासूबाई मध्येच काहीतरी म्हणाल्या, पण "तुला यातलं काय कळतंय" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. सुनेनंही तिकडं लक्ष दिलं नाही. तिचं भांडण या दोघांशी होतं.

सासूबाईंनी कागद टेबलावर आपटले.

"यातली ही सासू," त्यांनी सुनेला विचारलं, "शेवटी मरते का गं?"

नवरा खोकला. टेबलाखालून त्यानं बायकोच्या पायावर पाय दिला. एवढं एक खोटं बोललं असतं तर सगळं मिटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "मरते. तेच लिहीत होते, तेवढ्यात तुम्ही झाकण उघडलंत."

"मारायलाच हवी का तिला?"

"हवी. त्याशिवाय कथा उभी राहत नाही, आई."

सासूबाईंनी कागद नीट जुळवले आणि तिच्यापुढं सरकवले. वर पेन ठेवलं.

"मग मार खुशाल. पण त्याआधी तिला चार वाक्यं बोलू दे. दोन पानं होत आली, तुम्ही कुणी तिला तोंड उघडू दिलं नाहीत."