मुका महिना

“मधला थांबा गाळलास तू,” आई म्हणाली.

तो वाचायचा थांबला. उशांना टेकून बसवलेल्या आईचे डोळे मिटलेले होते, म्हणून तिला डुलकी लागली असेल असं तो धरून चालला होता. पण उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली ती बाई. डोळे मिटूनही गाडी कुठवर आली ते तिला बरोबर कळायचं.

“झडता संपला आणि लगेच गोठता लागला? कालपर्यंत मध्ये मुका होता.”

होता. हे महिने दोघांनी मिळूनच केले होते. एका कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळासाठी त्याला एक अख्खं जग रचायचं होतं. दोन चंद्रांचं. त्याचं कॅलेंडर, ऋतू, सणवार, सगळं. दुपारी आईचं अंग पुसून, पावडर लावून झालं की तो खाटेशी बसायचा आणि जेवढं लिहून झालंय तेवढं वाचून दाखवायचा. ती त्यात मनसोक्त नाक खुपसायची. दोन चंद्र असले तर अमावास्येचा घोळ होणार, हे तिने पहिल्याच दिवशी काढलं. भर पावसात सण नको, गर्दीत छत्र्यांच्या काड्या डोळ्यांत जातात, हेही तिचंच. आणि मुका हे नावही तिने दिलेलं. पानं झडून गेलीत, थंडी अजून यायचीय, वाऱ्यालासुद्धा बोलायला काही उरलं नाही, असा महिना.

त्या महिन्यातला सण मात्र त्याने एकट्याने घातला होता.

“त्यात अजून काही बसवलं नाही,” तो म्हणाला.

“खोटं बोलताना नाक ओढतोस तू. लहानपणापासून. वाच.”

काहीतरी रचून सांगावं, दिव्यांचा सण, नाचाचा सण, असं त्याच्या मनात आलं. एरवी अशा सणांची त्याला कधी वानवा नसे. आत्ता एकही सुचेना. हातातलं मुक्या महिन्याचं पान त्याने एका सकाळी, लागोपाठ दुसरी चादर धुवायला टाकून, वॉशिंग मशीनपाशी उभ्याउभ्या लिहून काढलं होतं. एकटाकी. आज कंपनीतल्या बाईंचा फोन आला होता. सगळ्या कॅलेंडरमध्ये याच सणात खरा जीव आहे, खेळाची सुरुवातच यावर करू, म्हणाल्या. त्याने आभार मानले होते, आणि मग स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला होता.

त्याने वाचलं. हळू आवाजात, मान वर न करता.

मुक्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मोकळीक हा सण येतो. ज्या घरात बरेच दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं आणि त्या वर्षात ते गेलं, त्या घराचा हा सण. शेजारीपाजारी येऊन खाट बाहेर काढतात. घरातल्यांनी त्या दिवशी पोटभर झोपायचं. त्यांना कुणी उठवायचं नाही. रडलात का, असंही विचारायचं नाही.

वाचून झालं. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मग तो घाईघाईने सांगू लागला, की हे खेळातलं आहे, तिथली माणसं वेगळी, त्यांच्या रीती वेगळ्या, त्याचा इथे काही... आईने आपला एकच चालता राहिलेला हात उचलून त्याला गप्प केलं.

“सण चांगलाय,” ती म्हणाली. जरा दम खाऊन पुढे म्हणाली, “जागा चुकलीय. माणूस गेल्यावर काय, कुणीही झोपेल. ते असतानाच पाहिजे हा सण. वर्षातून एकदा तरी.”

“आई, मी ते...”

“लिहून घे. विसरशील.”

त्याने लिहून घेतलं. मग तिने त्याला दार लोटून बाहेर जायला सांगितलं. तिलाही पडायचं होतं म्हणे, डोळे जड झालेत. त्याने तिला आडवं केलं, पांघरूण नीट केलं, पाण्याचं भांडं आणि घंटी हाताशी ठेवली. काही लागलं तर वाजव, असं दोनदा बजावलं.

त्याला झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या कोचावर डोळ्यांवर हात घेऊन तो आईला काय सांगायचं ते मनात जुळवत पडला. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. पहिलं वाक्य जुळत आलं होतं.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. चहाची वेळ टळली होती, गोळीची टळली होती. तो धडपडत आत गेला.

आई जागी होती, आढ्याकडे बघत. दारातच त्याला वास आला. त्याने पांघरुणाखाली हात घातला. चादर ओली होती, आणि पार गार पडली होती. घंटी तिच्या बोटांशीच होती.

“वाजवली का नाहीस?” त्याचा आवाज चढला.

ती खाटेची कड धरून जमेल तेवढी कुशीवर वळली, चादर काढायला त्याला सोपं जावं म्हणून.

“सण होता ना,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “झोप लागली का?”

लागली होती. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी. त्याने ओली चादर तिच्या अंगाखालून ओढून घेतली आणि तिथेच उभा राहून तिची घडी घालू लागला. कडेला कड जुळवून, पुन्हा पुन्हा.